सोळा दगड आणि चुन्याचा बाण

कोल्हापूरहून परत आलो तेव्हा गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, "चपला आणल्या का?" मी म्हटलं, "दगड आणले." लोक हसले. आईला वाटलं, पोराला बाहेरचं काही लागलं. पण खरंच, आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात वणीजवळच्या आमच्या चुनाभट्ट्यांच्या गावातला मी इतक्या लांब गेलो तो दगडांसाठीच, आणि आणले तेही सोळा दगडच. जे गेले नाहीत त्यांना सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्यावं.

मी नागपूरच्या एका कॉलेजात दगड कापतो. दगड चक्रावर धरायचा, त्याची चकती काढायची, काचेवर चिकटवायची आणि घासत घासत इतकी पातळ करायची की तिच्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. हे काम मला वैद्य मॅडमनी दिलं. त्या पीएच.डी.साठी चुनखडकाचा अभ्यास करत होत्या. एकदा आमच्या भट्टीवर दगड बघायला आल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो की हा दगड चांगला भाजला जाईल आणि हा फुटेल. त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हटलं, "आवाजावरून." त्या आवाजावर माझी नोकरी लागली. नेमणूक हंगामी. दर सहा महिन्यांनी कागद यायचा, आणि तो नाही आला तर भट्टी होतीच, बाबांच्या खोकल्यासकट. म्हणून मॅडमनी "रामटेके, दौऱ्यावर येता का?" असं विचारलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली.

काम असं होतं. चुनखडक समुद्राच्या तळाशी साचतो. मग समुद्र हटतो, पाऊस पडतो, पाणी मातीतून दगडात झिरपतं आणि दगड आतल्या आत बदलतो. थोडं जुनं विरघळतं, थोडं नवं बसतं. वरून बघाल तर दगड तसाच. त्यात मूळचं किती आणि मागाहून आलेलं किती, हे मॅडमना शोधायचं होतं. ते सांगणारं यंत्र दूरच्या एका शहरात होतं आणि त्यावर त्यांना एकदाच वेळ मिळाला होता. यंत्र हे कसं ओळखतं, ते मी विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसू, ही माझी जुनी भीती. या प्रवासात तीच नडली.

जोतिबाचा डोंगर

कोल्हापूरला आम्हाला जीप मिळाली आणि जीपबरोबर दस्तगीरभाई मिळाले. पेठ वडगावचे, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही पलीकडच्या शेतातून हाक मारल्यासारखं वाटावं. माझी ट्रंक त्यांनी एका हातानं उचलली.

"काय पावणं, दगूड न्यायला आलासा म्हनं?"

"हो."

"मग ह्यात काय हाय? आनलासा बी दगूडच व्हय?"

मी घाबरून सांगायला लागलो की छिन्नी आहे, हातोडे आहेत, रंगाचा डबा आहे. ते हसत सुटले. त्यांनी थट्टा केली होती हे मला गावाबाहेर पडल्यावर कळलं. कोल्हापूरच्या माणसाची थट्टा आणि भांडण एकाच आवाजात चालतं. आमच्याकडे आवाज चढला की माणसं मधे पडतात. इथं आवाज चढला की चहा येतो.

आम्हाला दक्षिणेला, गडहिंग्लजला जायचं होतं. जीप निघाली उत्तरेला. मॅडमनी विचारल्यावर दस्तगीरभाई म्हणाले, "बाईसाब, नवं काम हाय न्हवं? आदी डोंगूर. आमच्या आज्ज्यानं बैलगाडी घेतली तवा बी आदी डोंगूरच केलता. दोन तासांत मोकळं करतो." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

जोतिबाच्या डोंगरावर दगड काळा, पायऱ्या काळ्या, देऊळ काळं, आणि त्या सगळ्यावर गुलाल. हवेत गुलाल, दुकानदाराच्या भुवयांवर गुलाल, कुत्र्याच्या पाठीवर गुलाल. रविवार होता. "चांगभलं!" असा गजर उठला की मूठभर गुलाल वर जायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर उतरायचा. मॅडमनी पायरीचा दगड नखानं खरवडला आणि म्हणाल्या, "ज्वालामुखीचा. इथं आपलं काही नाही." दस्तगीरभाईंनी नारळ वाढवला, खोबरं आमच्या हातावर ठेवलं आणि उरलेला गुलाल जीपवर उधळला. मागचं फळकं उघडंच होतं. जीप आतून-बाहेरून गुलाबी झाली.

उतरताना वळणावर मागे काहीतरी धडधडलं. "हातोडं आसतील," दस्तगीरभाई म्हणाले. मी वळून पाहिलं. सगळं गुलाबी होतं. त्यात काय वेगळं दिसणार?

गडहिंग्लज

दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्याकडे कापसाची बोंडं दिसतात तसे इथं उसाचे तुरे. सोमवारच्या खाणीच्या सोयीनं मुक्काम गडहिंग्लजला होता. मॅडम सरकारी बंगल्यात उतरल्या. तिथं माझी जागा नव्हती. मी एसटी स्टँडवर झोपायला तयार होतो, खरं तर मनातून तेच बरं वाटत होतं, कुणाला त्रास नको. पण दस्तगीरभाईंनी मला परस्पर त्यांच्या ओळखीच्या कांबळेमामांच्या दारात नेऊन उभं केलं आणि ओरडले, "मामा, नागपूरचं पावणं आनलंय! तिखट खातंय का बगा!"

कांबळेमामा गुळव्या. गुऱ्हाळावर रस उकळून त्याचा गूळ करायचा, काहील नेमकी कोणत्या घटकेला उतरवायची हे ठरवायचं, ते त्यांचं काम. घरात शिरलो तर भिंतीवर बुद्धाची तसबीर. आमच्या घरी आहे तश्शीच, त्याच कारखान्यात छापलेली असावी, डाव्या कोपऱ्यातला निळा रंग तसाच बाहेर आलेला. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी भिंतीला पाठ टेकून बसलो. मामांच्या बायकोला तिथं सगळे आक्का म्हणतात. सरहद्द जवळ, बोलण्यात कानडी मिसळलेली. आक्कांनी ज्वारीची भाकरी, पातीचा कांदा आणि लालभडक रस्सा वाढला आणि समोर बसून राहिल्या.

"तुमच्यात येवडं तिखट आसतं का?"

मी ऐटीत म्हटलं, "आमच्याकडं याहून जास्त."

"मंग घ्या की," म्हणून त्यांनी आणखी एक पळी ओतली. ऐट मिरवू नये. माझे कान वाजायला लागले. आक्कांनी न बोलता गुळाचा खडा पुढे सरकवला, आणि निघताना आणखी एक मोठी ढेप-फोड कागदात बांधून माझ्या पिशवीत घातली. "डोंगरात ऱ्हातासा दिसभर. खावा."

ती फोड खायची होती. मी ती भलतीकडेच वापरली.

सरहद्दीपलीकडची खाण

सोमवारी पहाटेच निघालो. सरहद्द कुठं ओलांडली ते फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलल्यावर कळलं. माणसं तीच, चहा तोच, फक्त दस्तगीरभाईंच्या बोलण्यात "अण्णा" वाढले. काळी जमीन संपली, आणि एका माळापलीकडे खाण दिसली. खडकाची उभी भिंत, थरांवर थर, करडे आणि अधूनमधून गुलाबी. "रामटेके, बघा," मॅडम म्हणाल्या, "पृथ्वीवर मासासुद्धा नव्हता तेव्हाचा समुद्र." त्यांनी थरावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

खाणीचा मुकादम आला आणि म्हणाला की जे घ्यायचं ते आजच घ्या, उद्या सकाळी दहाला या भिंतीला सुरुंग लागणार. मॅडमचा चेहरा उतरला. तीन दिवसांचं काम एका दिवसात करायचं होतं. त्या म्हणाल्या, "मी खालून वर थर मोजत जाते आणि खडूनं फुली मारते. तुम्ही प्रत्येक फुलीवर रंगानं नंबर घाला, वरची बाजू दाखवणारा बाण काढा, आणि मगच दगड सोडवा. बाणाशिवाय दगड म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट."

मी जीपकडे गेलो. रंगाचा डबा आडवा पडला होता. झाकण बाजूला. जोतिबाच्या वळणावर जे धडधडलं होतं ते हेच. लाल तेलरंग फळीवर सांडून गुलालाखाली वाळून गेला होता. म्हणूनच कुणाला दिसला नाही. डब्यात बोटभरही उरला नव्हता.

त्या वेळी मॅडमना हाक मारायला हवी होती. शाळेत पाटी फुटली तेव्हाही मी सांगितलं नव्हतं, दोन दिवस तुकडे दप्तरात घेऊन हिंडलो होतो. खडूचा नंबर पोत्यात घासून जातो हे मला माहीत होतं. काय करावं? तेवढ्यात खाणीच्या कडेला लहानशी चुनाभट्टी दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. ते तर माझंच जग. भट्टीवरच्या बाईकडून करवंटीभर विरवलेला चुना घेतला. आता नुसता चुना वाळल्यावर झडतो, पण आमचे बाबा भिंतीचा चुना पक्का धरावा म्हणून त्यात गुळाचं पाणी घालतात. पिशवीत आक्कांचा गूळ होताच. फोड पाण्यात विरघळवली, चुन्यात कालवली, काठीच्या टोकाला चिंधी बांधली, आणि एकापासून सोळापर्यंत असे काही ठसठशीत नंबर आणि बाण काढले की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

काढताना एक पाहिलं. घट्ट दगडावर चुना बराच वेळ ओला राहत होता. चार, नऊ आणि अकरा नंबरवर मात्र लागला की लगेच सुकत होता. त्या दगडांत बारीक भेगा होत्या, ते चुना पीत होते. भट्टीवरच्या माणसाला हे दिसतंच. मी ते पाहिलं आणि विसरलो.

वरून मॅडमनी विचारलं, "पांढरा रंग कुठून काढलात हो?"

मी म्हटलं, "जमवलं."

त्या एका शब्दावर त्या खूश झाल्या. "शाबास!" असं ओरडल्या. ते शाबास मी परतीच्या वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत चघळत होतो.

मामांचं गुऱ्हाळ

सूर्य कलायला लागला होता तेव्हा दस्तगीरभाईंनी जीप रस्ता सोडून धुराच्या दिशेला वळवली. कांबळेमामांचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळ न पाहता कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला तिकडे माणसात धरत नसावेत. मोठ्या खड्ड्यात चुलवाण पेटलेलं, वर गाडीच्या चाकाहून मोठी काहील, तिच्यात हिरवट रस रटरटत होता. मामा उघड्या अंगानं, हातात लांब दांड्याचा झारा घेऊन वर आलेली मळी काढत होते. घरात इतकं हळू बोलणारा माणूस इथं सेनापती झाला होता.

त्यांनी एका लोट्यातून पांढरट पाणी रसात सोडलं. मॅडमनी विचारलं, "हे काय?"

"चुन्याची निवळी. रसाची घाण वर येतीया, गूळ कडक धरतोय." मग त्यांनी जीपमधल्या पोत्यांकडे झारा केला. "बाईसाब, एक इचारू का? ती दगडं मशीनीत घालून बगनार काय?"

मी एरवी कधी विचारलं नसतं ते मामांनी सरळ विचारलं. मॅडम काहिलीजवळच्या फळीवर बसल्या. दिवस चांगला गेला म्हणून खुशीत होत्या.

"मामा, तुम्ही गूळ चाखून सांगता ना, ऊस कुठल्या रानातला?"

"सांगतो की. नदीकाठच्या मळीच्या रानातला येगळा, माळावरचा येगळा. ह्यास्नी फरक कळत न्हाय, मला कळतो."

"तसं ते यंत्र दगड चाखतं. दगडात कर्ब असतो. त्या कर्बात दोन भाऊ, एक हलका आणि एक किंचित जड. समुद्रातून आलेल्या दगडात त्यांचं प्रमाण एक, मातीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यानं जे नवं बसवलं त्यात दुसरं. तिथं हलका भाऊ जास्त. चिमूटभर पूड पुरते. यंत्र सांगतं, एवढं समुद्राचं आणि एवढं पावसाचं."

मामा झारा थांबवून ऐकत होते. "म्हंजे भेसळ धरायची मशीन."

"अगदी बरोबर बोललात!"

"आनि ह्यो चुना? ह्यो बी दगूडच की. भाजल्याला."

"हो ना. भाजला की त्यातला कर्ब उडून जातो. भिंतीला लावला की तो हवेतला कर्ब घेतो आणि पुन्हा दगड होतो. पण तो दगड आजचा, त्यातला कर्ब आजच्या हवेचा. हलक्या भावांनी भरलेला. त्याचा कण जरी माझ्या दगडात गेला तर यंत्र फसेल. म्हणून तर आपण चुन्याच्या आसपाससुद्धा..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मामांनी मघाशीच माझ्या तळहातावर आदल्या काहिलीतला गरम गूळ ठेवला होता, तो मी मूठ आवळून धरला. भाजलं तेव्हा कळलं.

"आवो पावणं!" दस्तगीरभाईंनी माझा हात धरून पाण्याच्या घागरीत बुडवला. "गूळ खायाचा आसतो, दाबायचा नसतो!" सगळे हसले. मॅडमही हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

सोळाच्या सोळा दगड. आणि ती भिंत उद्या दहाला उडणार.

जेवायच्या वेळी आक्कांनी माझं ताट पाहिलं. "हात दुकतोय व्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या तळहाताला खोबरेल लावलं आणि लावता लावता म्हणाल्या, "हाताचं न्हाय दिसत. काय आसंल त्ये ज्येचं त्येला सांगून टाका. पोटात ठिवून काय गूळ हुणार हाय?" मी मान खाली घातली. आजही वाटतं, त्या माउलीला कसं कळलं? की माझं तोंडच पाटीसारखं आहे, फुटली की दिसते.

कोल्हापूर, मिसळीचं टेबल

मंगळवारी सकाळी कोल्हापूरला पोचलो. गाडी संध्याकाळची. दस्तगीरभाईंनी आम्हाला एका मिसळीच्या दुकानाशी सोडलं. म्हणाले, "तुमी खावा निवांत. मी जरा नदीवर जाऊन येतो." जीप गेली.

मिसळ आली. मोड आलेली मटकी, वर फरसाण, आणि शेजारी वाटीत कट, म्हणजे तिखट लाल रस्सा, ज्यावर तेलाचा थर हलत असतो. पावाच्या जाड फोडी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते आल्यावर मला वाटलं, आता बोलावं. रडलो तरी मिसळीच्या नावावर खपेल.

"मॅडम, तो रंग नव्हता. चुना होता."

त्यांचा चमचा वर राहिला. "कुठला?"

"खाणीवरच्या भट्टीचा. गुळाचं पाणी घातलेला. रंगाचा डबा जोतिबाच्या घाटात सांडला होता. मले सांगायची भीती वाटली." घाबरलो की माझी घरची बोली वर येते.

त्यांनी चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी "आणा की कट आनी!" असं ओरडत होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चुनखडकावर चुना. रामटेके, तीन वर्षं मी या एका दौऱ्याची वाट बघत होते. आणि तुम्ही म्हणालात, जमवलं."

"हो."

"सगळ्या सोळांवर?"

"हो. पण मॅडम, वरच्याच बाजूला. आणि सगळे सारखे प्याले नाहीत." मी भराभर सांगून टाकलं. चार, नऊ आणि अकरा नंबरवर चुना लागताच सुकला, त्या भेगांतून आत गेला असणार. बाकीच्यांवर वरच बसला. "ते दगड मी कापीन, दोन बोटं जाड साल काढून टाकीन. या तिघांची चार बोटं. फक्त तोवर पाणी लागू द्यायचं नाही. गुळाचा चुना लवकर पक्का होत नाही, आतून कच्चा असतो. पाणी लागलं की निवळी होऊन उरलेल्या भेगांतही उतरेल."

मॅडमनी वही काढली. लिहून घ्यायला लागल्या. "चार, नऊ, अकरा. नक्की?"

"नक्की."

"पाणी लागता कामा नये..." त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

दस्तगीरभाई कुठं गेले होते? नदीवर. कशाला? जीपवरचा जोतिबाचा गुलाल धुवायला!

मिसळ तिथंच राहिली. मॅडम साडीचा पदर खोचून धावल्या आणि मागे मी. टांगेवाल्याला मी काय सांगितलं मला आठवत नाही, पण त्यानं "पावण्यांचं कोन बुडालं काय?" असं विचारलं आणि घोड्याला पळवलं.

पंचगंगेच्या घाटावर कडेला जीप उभी, ओली, चकचकीत. काळ्या पायऱ्यांवर आमची सोळा पोती ओळीनं मांडलेली. दस्तगीरभाई गुडघाभर पाण्यात उभे, विजार वर दुमडलेली, एका हातात नारळाचा काथ्या आणि दुसऱ्या हातात पहिला दगड. पाण्यापासून वीतभर वर.

"थांबा!" मी ओरडलो. कोल्हापुरात आल्यापासून तिथल्या माणसांच्या तोडीचा आवाज मी पहिल्यांदाच काढला.

ते दचकून वर बघायला लागले. "काय झालं वो?"

"धुऊ नका! दगड धुऊ नका!"

"आवो, चुन्यानं रंगवून ठिवल्यात, म्हटलं पावण्यांचं सामान सवच्छ करून द्यावं. फुकटात धुतोय, तरी वरडताय!"

मॅडम पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. ते मिसळीचं नव्हतं. दस्तगीरभाईंना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तो दगड दोन्ही हातांनी, अंगारा न्यावा तसा, कोरड्या पायरीवर आणून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "डबा माज्या गाडीत सांडला. इचारलं आसतंसा तर सरहद्दीच्या अलीकडं धा दुकानं हुती रंगाची. माज्याम्होरं बी भ्यालासा व्हय? मी काय वाघ हाय?"

मी पोती उचलायला लागलो. दुपारी त्यांनी आम्हाला त्यांच्या बहिणीकडे नेऊन पांढरा रस्सा पाजला आणि स्टेशनवर प्रत्येक पोतं स्वतः डब्यात चढवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन ओरडले, "पावणं, परत याचं! आनि येताना तोंड संगं आना!"

नागपूर

पुढचे पंधरा दिवस मी फक्त कापत होतो. पाण्याऐवजी चक्रावर रॉकेल सोडलं. सोळाही दगडांच्या साली काढल्या, आणि दगडाच्या पोटातून, दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसल्या बारीक गिरमिटानं, चिमूट चिमूट पूड काढली. मॅडमनी आणखी एक पुडी भरायला सांगितली. नऊ नंबरच्या सालीवरचा बाण खरवडून, नुसत्या चुन्याची. तिच्यावर त्यांनी लिहिलं: सतरा.

माझा सहा महिन्यांचा कागद त्या काळात आला. पण मी तो घरी नेला नाही, टेबलाच्या खणात ठेवला. निकाल आल्यावर नेऊ म्हटलं.

निकाल उन्हाळ्यात आला. मॅडमनी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, हलका भाऊ जितका जास्त तितका ठिपका खाली. वर एकमेकांना बिलगून बसलेले ठिपके, तो समुद्र. त्यातून खाली ओघळत गेलेले तीन-चार, तो पाऊस, गुलाबी थरांत शिरलेला. त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी नऊ नंबरवर बोट ठेवलं. तो पावसाच्याही खाली, एकटाच होता.

"हा गेला," मी म्हटलं. "चार बोटांनी भागलं नाही."

"हो, गेला. चार आणि अकरा वाचले. पण बघा." त्यांनी पट्टी लावली. समुद्राच्या घोळक्यातून निघालेली रेघ नऊमधून सरळ खाली गेली. ती जात होती नुसत्या चुन्याकडे, पण ते कागदावर दिसत नव्हतं, कारण सतरा नंबरचा ठिपका कागदाच्या बाहेर पडत होता. "तुम्ही बोलला नसता, तर नऊ नंबर मी काय म्हणून लिहिला असता सांगा?"

मी विचार केला. "पाऊस."

"कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पाऊस. आणि तो होता आक्कांचा गूळ आणि तुमचा चुना." त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "आता प्रश्न असा आहे, रामटेके, की नऊ आणि सतरा प्रबंधात ठेवायचे की काढायचे? काढले तर कुणाला कळणार नाही. ठेवले तर खाली लिहावं लागेल की हे कसं झालं."

मला पाटीचे तुकडे आठवले. आणि नदीत गुडघाभर उभे असलेले दस्तगीरभाई.

"ठेवा," मी म्हटलं. "मीच लावला आहे."

मॅडमनी मान हलवली आणि पेन उचललं, पण सतराचा ठिपका मांडायला कागद पुरत नव्हता. मी कात्री आणि डिंक आणला, आलेखाचा आणखी एक तुकडा कापला आणि खालच्या कडेला रेघांना रेघा जुळवून चिकटवून दिला. तो वाळेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.